गुणोत्तराचा पाठ : श्लोकापासून तराजूपर्यंत

शिकाऊ विद्यार्थ्यास योगाचा श्लोक मुखोद्गत असतो. परंतु तराजूपुढे उभा राहताच तो अडखळतो. राजोडी येथे आमच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांस आम्ही गुणोत्तर ज्या क्रमाने शिकवितो, तो क्रम व्यवसायबंधूंपुढे ठेवीत आहोत.

प्रथम सितोपलादि चूर्ण घ्यावे. खडीसाखर, वंशलोचन, पिंपळी, वेलदोडा व दालचिनी यांचे गुणोत्तर १६:८:४:२:१ असे आहे. प्रत्येक आकड्यावर द्रव्याचे नाव लिहिल्याखेरीज पुढे जाऊ नये. एका विद्यार्थ्याने एकदा आकडे उलट मांडले. १ भाग म्हणजे १० ग्रॅम धरल्यास दोन्ही मांडण्यांत एकूण वजन ३१० ग्रॅमच येते आणि पिंपळीही ४० ग्रॅमच राहते. दालचिनी मात्र १० ऐवजी १६० ग्रॅम होते! बालकांस दिल्या जाणाऱ्या चूर्णातील ही चूक नुसत्या बेरजेने उघड होत नाही. खडीसाखर निम्म्याहून किंचित अधिक आहे ना, एवढे पाहावे.

दुसरी पायरी भागांच्या बेरजेची. १ किलो चूर्णासाठी १००० ग्रॅमला १६ ने नव्हे, तर ३१ ने भागावे. एक भाग सुमारे ३२.२६ ग्रॅम येतो. त्यावरून खडीसाखर सुमारे ५१६ व दालचिनी सुमारे ३२ ग्रॅम ठरते.

तिसरी पायरी तैलपाकाची. सामान्य नियमानुसार कल्क, स्नेह व द्रव यांचे प्रमाण १:४:१६. वाडीतल्या नारळाचे ४०० ग्रॅम खोबरेल घेतल्यास कल्क १०० व द्रव १६०० ग्रॅम लागतो. येथे कल्क स्नेहाचा चौथा, परंतु एकूण मिश्रणाचा एकविसावा हिस्सा आहे. म्हणून ‘हिस्सा कशाचा?’ हा प्रश्न विद्यार्थ्यास प्रत्येक वेळी विचारावा. पाकात जलांश उडून जातो. तेव्हा हे प्रमाण पात्र चुलीवर चढवितानाचे आहे, गाळलेल्या तेलाचे नव्हे.

अखेरीस क्वाथाचे उदाहरण सोडविण्यास द्यावे. १ पल, म्हणजे ४८ ग्रॅम भरड, सोळापट पाणी, अष्टमांश शेष. पाणी ७६८ ग्रॅम, उरलेला क्वाथ ९६ ग्रॅम. म्हणजे द्रव्याच्या दुप्पट, आठवा हिस्सा नव्हे.

औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्यांचे प्रमाण छापणे १९४५ च्या औषधे नियमांनुसार बंधनकारक आहे. वहीतील उलटा आकडा तेथवर पोहोचू नये, याची जबाबदारी शिकविणाऱ्या आपणा सर्वांची आहे.