ट्रंकेत ठेवू नकोस

सदाशिव पेठ, पुणे ३०
१४ डिसेंबर

चि. सायलीस,


तुझी खबर दादाकडून कळली. आईच्या अकरा साड्या तू बाणेरला नेल्यास आणि श्रावणापासून त्या बॅगेतच आहेत. कुणीतरी तुला सुचवलंय की साड्या कुरिअरने पाठवल्या की पंधरा दिवसांत मशीनवर शिवलेली गोधडी घरपोच येते. वहिनीचं म्हणणं, आजीची आठवण आहे, कात्री लावू नये, घड्या करून ठेवून द्याव्यात. तुझ्या ऑफिसला नाताळची दहा दिवस सुट्टी आहे, तेव्हा काय ते ठरवीन, असं तू म्हणालीस म्हणे. फोनवर हे सगळं नीट बोलता आलं नसतं, म्हणून पत्र.

साड्या ठेवून देऊ नकोस. एवढं एक ऐक, बाकीचं पत्र सावकाश वाचलंस तरी चालेल.

माझं सांगते. पानशेतचं धरण फुटलं त्या दिवशी, म्हणजे १२ जुलै १९६१ ला, मी ५ वर्षांची होते. आम्ही नारायण पेठेत वाड्याच्या तळमजल्यावर राहायचो. पाणी येतंय म्हणून आरडाओरडा झाला तेव्हा आईने तान्ह्या दादाला, म्हणजे तुझ्या वडिलांना, कडेवर घेतलं, मला हाताशी धरलं आणि नेसत्या लुगड्यानिशी पर्वतीची वाट धरली. लकडी पूल पाण्याखाली गेला होता. परतलो तेव्हा घरात माझ्या गुडघ्याच्या वर चिखल होता, आणि आईची साड्यांची पेटी त्यात अर्धी रुतलेली. खडकवासलाही फुटल्यामुळे नळाला पाणी नव्हतं. वाड्यातल्या विहिरीचं पाणी शेंदून शेंदून आई कितीतरी दिवस कपडे धूत होती. बाकीच्या साड्या निघाल्या. एक मोतिया रंगाचं पातळ मात्र निघालं नाही. पाणी जिथवर चढून थांबलं असेल, तिथे त्याच्यावर बोटभर रुंदीचा, चहाच्या डागासारखा एक पट्टा राहिला. कितीही घासला तरी तसाच.

पुढच्या वैशाखात आईने ते पातळ वर घेऊन गोधडी शिवली. (गोधड्या तेव्हा उन्हाळ्यातच शिवायच्या, कुरडया-पापड गच्चीवर वाळत असायचे त्याच दिवसांत. थंडी पडल्यावर गोधडी शिवायला बसणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं, असं आई म्हणायची. तुझी सुट्टी डिसेंबरात आहे, त्याला इलाज नाही.) ती गोधडी आमच्या घरात चाळीसेक वर्षं वापरात होती. आम्ही दोघं भावंडं तापाने फणफणलो की तीच अंगावर. सवाई गंधर्व महोत्सव तेव्हा रात्र-रात्र चालायचा. बाबा ती खांद्यावर टाकून न्यायचे, आणि शेवटच्या पहाटे भीमसेनजी गायला बसायचे तेव्हा मी तिच्यात गुरफटून बाबांच्या मांडीवर झोपलेली असायचे. पट्ट्याची बाजू कायम पायाशी यायची, कारण आई ती तशीच पांघरायला लावायची.

बाबा गेल्यावर ती गोधडी मी माझ्याकडे आणली. आणि वाटलं, आता ही फाटली तर परत मिळायची नाही. म्हणून धुऊन, घडी घालून, डांबराच्या गोळ्यांसकट ट्रंकेत ठेवली. ११ वर्षं मी ती उघडली नाही. नातीच्या बारशाला, बाळाच्या अंगाखाली घालू म्हणून काढली, तर घडी जिथे जिथे होती तिथे तिथे ती वाळक्या पानासारखी तुटली. मधल्या थरांना कसर लागली होती. पुसायच्या फडक्याएवढा एकही तुकडा सलग निघाला नाही. चाळीस वर्षं लोळवलेली, तुडवलेली, आपटून धुतलेली ती गोधडी टिकली होती, आणि मी जपली तेव्हा गेली. आईला मी हे तिच्या शेवटपर्यंत सांगितलं नाही. तुला सांगतेय, कारण तुझ्या हातून तेच होऊ नये.

वस्तू जपून ठेवणं हे वाईट नाही. दिनकर केळकरांनी जुन्या वाड्यांतले दिवे, अडकित्ते, वेणीफणीच्या पेट्या गोळा करण्यात उभं आयुष्य घातलं, आणि शुक्रवार पेठेतलं त्यांचं संग्रहालय बघताना माझं मन दर वेळी भरून येतं. पण जपायचं तर तसं, रोज लक्ष घालून. घरातल्या बायकांना तेवढी फुरसत नसते. आपल्या हातात कपड्याला धरून ठेवायचा एकच मार्ग असतो, तो म्हणजे कपडा अंगाला लागता ठेवणं.

जनाबाईची गोष्ट तुला लहानपणी आजीनेच सांगितली होती. विठ्ठल रात्री जनीच्या घरी निजला आणि पहाटे घाईघाईत आपलं पदक आणि शेला तिथेच विसरून तिची वाकळ पांघरून देवळात जाऊन उभा राहिला. पुजाऱ्यांनी पाहिलं तर देवाच्या अंगावर चिंध्यांची वाकळ. जनीवर चोरीचा आळ आला, तिला सुळावर द्यायला नेलं, आणि सुळाचं पाणी झालं. कीर्तनात भर असतो तो सुळाच्या चमत्कारावर. माझं मन आधीच्या प्रसंगापाशीच अडतं. दळण-कांडण करणाऱ्या बाईने आपल्याच जुनेराची शिवलेली वाकळ, ती रोज अंगावर घेत होती म्हणूनच देवाच्या हाताला लागली.

आता कामाचं. पहिली गोष्ट, अकराच्या अकरा साड्या एका गोधडीत घालू नकोस. तीन पुरेत. एक वरून, एक खालून, एक फाडून मध्ये. बाकीच्या नेस. इरकल तर अजून चांगली दहा वर्षं जाईल.

साड्या निवडताना जरीची, रेशमाची, नायलॉनची बाजूला ठेव. रेशीम धुण्याला टिकत नाही आणि नायलॉन सुईखाली घसरतं, शिवाय अंगाला घाम धरतं. जितकी सुती साडी जुनी आणि विरलेली, तितकी ती मध्ये घालायला चांगली. मग सगळ्या गरम पाण्यात धू, आणि खळ पूर्ण निघेपर्यंत धू. आईच्या साड्यांना खळ कडक असायची, आणि कसर त्या खळीवरच येते. लाल आणि निळ्या काठांचा रंग जातो का ते ओलं पांढरं फडकं दाबून बघ. जात असेल तर ती साडी आधी वेगळी, फडक्याला रंग लागेनासा होईपर्यंत धू.

गोधडी दीड मीटर रुंद आणि दोन मीटर लांब धर. फरशी पुसून कोरडी कर आणि तिच्यावर तळाची साडी पसर. इथे एकटीचं काम नाही. चार कोपरे चौघांनी धरून ताणायला लागतात, नाहीतर आतल्या थराला जी सुरकुती पडते ती कायमची, आणि झोपलं की नेमकी पाठीखाली येते. सासूबाईंना बोलाव, शेजारच्या काकूंना बोलाव, जावईबापूंना एक कोपरा दे. मधला थर नीट, कुठे जाड कुठे पातळ न होता पसरा. ऊब त्या थरांत अडकून राहिलेल्या हवेची असते. एका जागी चिंध्यांचा गठ्ठा झाला की दुसरीकडून थंडी शिरते. मग वरची साडी, मग मोठे कच्चे टाके, आणि मग धावदोरा. आई कडेने सुरुवात करून चौकोनात चौकोन घेत मध्यावर यायची. तूही तसंच कर, कारण कडा आधी बांधल्या गेल्या की आतलं सरकत नाही. दोरा जाड सुती घे, बोहरी आळीत मिळेल, आणि मेणावरून ओढून घे.

दोन बोटांच्या अंतराने ओळी घेतल्यास तर साधारण ऐंशी-पंच्याऐंशी मीटर धावदोरा होईल. नवखा हात तासाला तीन मीटर शिवतो. म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस तास झाले. तुझ्या दहा दिवसांच्या सुट्टीत रोजचे पावणेतीन तास. मी हा हिशेब तुला घाबरवायला मांडत नाही. पहिल्या दिवशी टाके वेडेवाकडे येतील, चौथ्या दिवशी सरळ यायला लागतील. पहिले उसवू नकोस. आईच्या गोधडीत एका कोपऱ्यात माझे सात-आठ टाके होते, ६ वर्षांच्या हाताचे, एकेक इंचभर लांब. तिने ते तसेच राहू दिले होते, आणि मी मोठी झाल्यावरही अंधारात बोटाने चाचपून तो कोपरा मला सापडायचा.

आणि हे सत्तावीस तास एकदा स्वतःच्या बोटांनी मोजलेस की आणखी एक होईल. दारावर येऊन गोधडी शिवून देणाऱ्या, बाहेर ऑर्डर घेणाऱ्या बायका हातशिलाईचे जे पैसे सांगतात त्यात तू कधी घासाघीस करणार नाहीस. मला आपल्या माणसांचा राग येतो तो इथे. हॉटेलात एका जेवणाचे जेवढे देतात, तेवढ्यात बाईने आठवडाभर वाकून शिवावं अशी त्यांची अपेक्षा असते. मशीनची गोधडी घेऊ नये असं मी म्हणत नाही, पाहुण्यांसाठी जरूर घे. आजीच्या साड्या मात्र मशीनला देऊ नकोस.

तू अमेरिकेत होतीस तेव्हा कधी अलाबामाच्या जीज बेंडच्या गोधड्या पाहिल्यास का? नदीच्या वळणातलं लहानसं गाव, तिथल्या कृष्णवर्णीय शेतकरी बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जुन्या कपड्यांच्या शिवलेल्या. २००२ साली त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, २००६ मध्ये तिथल्या टपाल तिकिटांवर त्या आल्या. त्या गावातली एक गोधडी मिझूरी पेटवे या बाईंची आहे. यजमान गेल्यावर १९४२ साली त्यांनी यजमानांच्या शेतावरच्या कामाच्या कपड्यांची ती शिवली. गुडघ्यावर विरलेले, घामाने रंग उडालेले ते कपडे. भिंतीवर लावायला नव्हे, पांघरून झोपायला. ते वाचलं तेव्हा मला आपल्या वाड्यातल्या सगळ्या बायका आठवल्या.

थंडी यंदा बरी आहे, पहाटे स्वेटरशिवाय गच्चीत जाववत नाही. तरी पुण्याची खरी थंडी म्हणजे १७ जानेवारी १९३५ ची, पारा १.७ अंशांवर उतरला होता. आई तेव्हा चार महिन्यांची होती, कसब्यात. तिच्या आईने तिला दोन दुपट्यांत गुंडाळून त्यावर स्वतःची गोधडी घातली आणि रात्रभर शेगडीजवळ बसून राहिली, ही गोष्ट आईने मला किती वेळा सांगितली असेल. नव्वदी गाठलेल्या बाईच्या आयुष्यातली पहिली ऊब ती.

शिवायला बसतेस तेव्हा खायलाही काही हवं. डिंकाचे लाडू मी करून पाठवते. तुला स्वतः करायचे असतील तर डिंक तुपात मंद आचेवर, थोडा थोडा तळ. मोठ्या आचेवर वरून फुलतो आणि आत कच्चा राहून दाताला चिकटतो. भोगीला सगळे इकडे या. तीळ लावून बाजरीच्या भाकरी, लोणी आणि भोगीची भाजी. गोधडी तोवर पुरी झाली नसेल तर तशीच सुईसकट घेऊन ये, जेवणं झाली की पसरून बसू.

या पत्राबरोबर लिफाफ्यात एक तुकडा आहे. पानशेतच्या त्या गोधडीतला, वीतभर. मला तो फेकवला नाही. त्याच्यावरचा पट्टा तुला दिसेल. तो शोभेला वर लावू नकोस, विरलेला आहे, एका धुण्यात जाईल. मधल्या थरात घाल, पायाच्या बाजूला, आणि चारी कडांनी बारीक टाके घे.

तुझी
आत्या

ता. क. साड्यांचे फॉल आधी उसवून काढ, तसेच शिवलेस तर कडेला सुई शिरणार नाही. आईने फॉल हातानेच लावलेत, दोरा ओढून तोडू नकोस, एकेक टाका कापून काढ.