पाच लेबलं, एक 'आउट'

लिनक्सच्या फाइल सिस्टिमवर काम करताना एकदा मला साफसफाईची हुक्की आली. समोर एक फंक्शन होतं. मेमरी घ्यायची, डिस्कवरचा ब्लॉक वाचायचा, मग दुसरा. आणि मधेच बिनसलं तर घेतलेलं सगळं उलट्या क्रमाने सोडत मागे यायचं. त्यासाठी तळाशी पाच लेबलं आणि वर जागोजागी 'गोटू'. (कॉलेजात गोटू म्हणजे पाप असं शिकवतात, कर्नलमध्ये त्याच्याशिवाय पान हलत नाही.)

म्हटलं, पाच कशाला? सगळे पॉइंटर सुरुवातीलाच नल करू आणि शेवटी एकच 'आउट' ठेवू. मेमरी सोडणारं आणि बफर सोडणारं, दोन्ही फंक्शनं नल दिला तर गुपचूप परत येतात. वीसेक ओळी कमी झाल्या, टेस्ट पास झाल्या, रिव्ह्यूत वाहवा मिळाली.

पुढे एका डिस्कचा सेक्टर खराब झाला आणि मशीन पडलं. लॉगमध्ये होतं: नल पॉइंटर, पत्ता ५बी. दोन दिवस मी नल शोधत होतो. तो नव्हताच! ब्लॉक वाचणारं फंक्शन फसलं की नल देत नाही. एररचा नंबरच पॉइंटरचा वेष घालून येतो. आयओ एरर म्हणजे उणे ५. बफर सोडणारं फंक्शन फक्त नल आहे का एवढंच बघतं. उणे ५ त्याला खरा बफर वाटला, आणि किती जण तो वापरताहेत हा आकडा वाचायला ते आत शिरलं. आमच्या मशीनवर तो आकडा ९६ व्या बाइटला होता. ९६ वजा ५, ९१, हेक्समध्ये ५बी. ही वजाबाकी कागदावर मांडली तेव्हा कान लाल झाले.

लेबलं एकत्र करायला आजही माझी ना नाही. पण प्रत्येक फंक्शन फसल्यावर काय देतं, ते उघडून बघा. नावावर जाऊ नका. एरर पॉइंटर आला तर तिथल्या तिथे नंबर 'रेट'मध्ये (फंक्शन शेवटी जे परत करतं त्यात) घ्या, पॉइंटर नल करा, मगच उडी मारा. 'रेट' भरायचा राहिला तर आणखी वाईट: फंक्शन ० परत करतं, वरच्याला वाटतं काम झालं. त्यापेक्षा मशीन पडलेलं बरं. आणि लॉक त्या एका लेबलात कोंबू नका. न घेतलेला लॉक सोडायला गेलात तर तिथे नलसारखी माफी नाही.

एररच्या या वाटेने रोजच्या टेस्ट जातच नाहीत. डीएम-फ्लेकी लावून डिस्कला मुद्दाम एरर द्यायला लावा, फेलस्लॅबने मेमरी नाकारा. मला एक दुपार पुरली. त्यात एक मेमरी लीकही सापडला. तो मात्र माझा नव्हता, जुन्या पाच लेबलांच्या काळातला होता.