आधी अंधार तपासा

ब्लू-रे डिस्कच्या वेष्टनाच्या मागे, अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ असते: १०८०पी, एव्हीसी, अमुक इतके जीबी. ही ओळ वाचून डिस्क घ्यायची की नाही हे ठरवणारी माणसं मला वारंवार भेटतात. एमपेग-२ म्हणजे जुनं, एव्हीसी म्हणजे नवं, आणि नवं असेल तर चित्र चांगलं असणारच, असा त्यांचा सरळ हिशेब असतो. आमच्या नाटकाच्या डिस्कवरही एव्हीसीच होतं.

नाटक प्रायोगिक, अडीच तासांचं. दुसरा अंक जवळजवळ सगळा अंधारात. एक कंदील, मागे काळा पडदा, आणि शेवटाकडे एक लाल स्पॉट. आमच्या नाट्यसंस्थेने तीन कॅमेरे लावून प्रयोग चित्रित केला आणि डिस्क बनवायचं काम एका स्टुडिओकडे दिलं. तिथला मुलगा हुशार होता, बोलायलाही गोड. "काका, एव्हीसी आहे, बिनधास्त राहा," म्हणाला. त्याच्या टेबलावरच्या मॉनिटरवर पहिला अंक पाहिला, छान दिसला. मग सभासदांसाठी एका सभागृहात मोठ्या पडद्यावर प्रोजेक्टरने डिस्क लावली आणि दुसरा अंक सुरू झाला.

काळा पडदा हलत होता. पडदा म्हणजे कापड नव्हे, त्याच्यावरचा काळोख. चौकोनी तुकडे उमटत होते, विरत होते, पुन्हा उमटत होते. कंदिलाभोवतीचा उजेड हळूहळू विरत जायला हवा होता, त्याऐवजी नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारखी वर्तुळं दिसत होती. आणि आजीचं काम करणाऱ्या आमच्या नटीचा चेहरा तुकतुकीत! रंगभूषाकाराने तासभर खपून काढलेल्या सुरकुत्या गायब. तो बिचारा मागच्या रांगेत बसला होता. मध्यंतरात कोणाशी बोलला नाही.

नंतर मी स्टुडिओत बसून हिशेब मांडला. तो सोपा आहे आणि डिस्क बनवून घेणाऱ्या प्रत्येकाने आधीच मांडावा असा आहे. एका थराच्या डिस्कची क्षमता २५ जीबी, म्हणजे २०० गिगाबिट. नाटक अडीच तास. सोबत कलाकारांच्या मुलाखती आणि तालमींचं चित्रण मिळून आणखी दीड तास, कारण 'डिस्क भरगच्च हवी' असं संस्थेत ठरलं होतं. चार तासांचे १४,४०० सेकंद. भागाकार केला की सेकंदाला १४ मेगाबिटही पदरात पडत नाहीत, आणि त्यातूनच आवाजाचा वाटा द्यायचा. ब्लू-रेवर चित्राला सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत मुभा असते. नुसतं नाटक ठेवलं असतं तर सरासरी २२ च्या घरात गेली असती. म्हणजे तालमीतल्या चहापानाचं चित्रण कंदिलाच्या प्रवेशाच्या जिवावर उठलं होतं.

आता मुळात हे दाबणं कशासाठी? १९२० गुणिले १०८० बिंदूंचं चित्र, सेकंदाला २४ वेळा, डिस्कवर असतो तसा ८ बिटांचा रंग धरला तर कॉम्प्रेशनशिवाय सेकंदाला सुमारे ५९७ मेगाबिट लागतात. दोन तासांच्या सिनेमाचे ५०० जीबीच्या वर. ते ५० जीबीत बसवायचं म्हणजे दहातले नऊ भाग टाकायचे. चित्र दाबणाऱ्या पद्धतीचं, म्हणजे कोडेकचं, काम असं की काय टाकलं तर डोळ्याला कळणार नाही ते ओळखायचं. तो चित्राचे चौकोन पाडतो, मागच्या-पुढच्या चित्रांत तोच चौकोन कुठे सरकला ते शोधतो, आणि उरलेला फरक तेवढा लिहून ठेवतो. फरकातलेही बारीक तपशील मग भरड केले जातात. खरं नुकसान होतं ते इथे. बिट कमी, तेवढी भरड जास्त.

एमपेग-२ हे नव्वदच्या दशकातलं तंत्र, डीव्हीडीचं. त्याचे चौकोन आठ बाय आठचे, आणि त्यांच्या कडा जुळवून घेण्याची सोय त्यात नाही. बिट कमी पडले की चौकोन उघडे पडतात. एव्हीसी, म्हणजेच एच.२६४, हे २००३ चं. त्यात चार बाय चारपर्यंत बारीक तुकडे पाडता येतात, अनेक चित्रांचा आधार घेता येतो, आणि कडा मऊ करणारी चाळणी कोडेकच्या आतच बसवलेली आहे. त्यामुळे तेवढ्याच बिटांत ते निश्चित सरस. पण त्याची एक खोड फारसं कोणी सांगत नाही. एमपेग-२ चुकलं तर ओरडून चुकतं, एव्हीसी गुपचूप चुकतं. बिट थोडे कमी पडले तर चौकोन दिसण्याआधीच कापडाची वीण, भिंतीचा खडबडीतपणा, गालावरची रेष मऊ पडते, आणि पाहणाऱ्याला वाटतं कॅमेराच तसा असेल. फारच कमी पडले तर मात्र तेही चौकोन दाखवतं, आमच्या काळ्या पडद्यावर दाखवले तसे.

कोडेकच्या नावावरून भांडायची सवय लागली ती २००६ मध्ये. त्या वर्षी एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे एकमेकांसमोर उभ्या ठाकल्या. सोनीने पहिल्या ब्लू-रे काढल्या त्या २५ जीबीच्या डिस्कवर, एमपेग-२ मध्ये, वर न दाबलेला पीसीएम आवाज, जो एकटाच सेकंदाला ४.६ मेगाबिट खातो. समोरच्या एचडी डीव्हीडीवर मायक्रोसॉफ्टच्या घरातून आलेलं व्हीसी-१. 'द फिफ्थ एलिमेंट'ची पहिली ब्लू-रे इतकी टीकेची धनी झाली की सोनीने पुढच्याच वर्षी नव्या मास्टरवरून ती पुन्हा काढली. लोकांनी खापर फोडलं एमपेग-२ वर. खरं तर डिस्क ज्या मास्टरवरून निघाली तोच जुना होता, त्यावरचे डाग कोणत्याही कोडेकने धुतले नसते. १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने एचडी डीव्हीडी गुंडाळली. भांडण मिटलं, सवय राहिली.

या सवयीवर मी एक जालीम औषध वापरतो. 'प्रेडेटर' हा १९८७ चा सिनेमा, जंगलातला, मूळ फिल्मच भरपूर ग्रेनची, म्हणजे दाणेदार. त्याची २००८ ची ब्लू-रे एमपेग-२ मध्ये आहे, २०१० ची एव्हीसीमध्ये आणि दुप्पट जागेच्या डिस्कवर. कागदावर दुसरी जिंकलीच पाहिजे. प्रत्यक्षात दुसरीत ग्रेन इतका पुसून टाकलाय की श्वार्झनेगरच्या चेहऱ्यावर ना घाम दिसतो ना रंध्रं. पहिलीवर किरकिर आहे, पण माणसं माणसांसारखी आहेत. वाद घालणाऱ्याला मी दोन्ही लागोपाठ दाखवतो. बहुतेकांना आधी दुसरी आवडते, कारण ती स्वच्छ वाटते. दहा मिनिटांनी मत बदलतं.

ग्रेन हा कोडेकचा वैरी. प्रत्येक चित्रात तो वेगळ्या जागी असतो, त्यामुळे 'हा तुकडा मागच्या चित्रातून उचल' ही युक्ती तिथे चालत नाही आणि बिट भसाभस खर्च होतात. म्हणून दाबणाऱ्याला मोह होतो: आधी ग्रेन पुसू, मग कमी बिटांत आरामात बसेल. कमी उजेडात व्हिडिओ कॅमेऱ्याने आणलेल्या दाण्यांचंही तेच. आमच्या डिस्कवर हेच झालं होतं. नॉइज रिडक्शन चालू होतं, दाण्यांसोबत आजीच्या सुरकुत्याही गेल्या. चांगल्या दाबणीत ग्रेन कसा दिसतो हे पाहायचं असेल तर सत्यजित राय यांच्या अपू त्रयीची २०१५ ची डिस्क पाहा. मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या आगीत होरपळल्या होत्या, क्रायटेरियन आणि अमेरिकेतल्या अकॅडमीच्या फिल्म संग्रहालयाने त्या बोलोन्यातल्या प्रयोगशाळेत दुरुस्त करून घेतल्या. तरीही पडद्यावर फिल्म फिल्मसारखीच दिसते.

तर, डिस्क विकत घेताना किंवा तुमच्या कार्यक्रमाची पहिली प्रत तपासताना उजेडातला, रंगीबेरंगी प्रवेश पाहून मान डोलावू नका. तो कुठलाही कोडेक निभावून नेतो. अंधार पाहा, धूर पाहा, पाऊस, वाहतं पाणी, उधळलेला गुलाल, आणि दृश्य हळूहळू काळं होत जातं तो क्षण. काळोखाच्या वाट्याला छटाच थोड्या येतात, कारण डिस्कवर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सगळं मिळून २२० पायऱ्या आहेत. भरड केलेल्या अंधारात त्यातल्याही बऱ्याच नाहीशा होतात. आणि चित्र थांबवून निकाल देऊ नका. काही चित्रांना कोडेक मुद्दाम कमी बिट देतो, कारण धावत्या दृश्यात ती डोळ्याला जाणवत नाहीत. नेमकं तेच चित्र थांबलं तर चांगली डिस्कही बदनाम होते. उलट काळोखातली वळवळ थांबलेल्या चित्रात दिसणारच नाही.

त्याआधी टीव्ही सरळ करा. शार्पनेस खाली आणा, नॉइज रिडक्शन बंद करा, चित्राच्या कडा कापणारं ओव्हरस्कॅन बंद करा, दुकानातला भडक मोड सोडून सिनेमा मोड लावा. डिस्कच्या माथी मारलेली निम्मी पापं टीव्हीची असतात. वेष्टनावर १०८०आय लिहिलंय का तेही बघा. काही हिंदी सिनेमांच्या डिस्क तशा निघाल्या आहेत, आणि २४ चित्रांचा सिनेमा आडव्या ओळींत चिरून बसवला की कॅमेरा फिरताना कडांना दाते दिसतात. कोडेक कितीही नवा असला तरी.

आमच्या नाटकातल्या लाल स्पॉटबद्दल मात्र स्टुडिओकडे बोट दाखवता येत नाही. ब्लू-रेवर उजेडाची माहिती पूर्ण असते, रंगाची फक्त ९६० बाय ५४० ची. काळ्यावर नुसता लाल पडला की कडेला पायऱ्या दिसतात, कोडेक कोणताही असो. चित्रीकरणाच्या प्रयोगापुरती प्रकाशयोजनाकाराने थोडी पांढरी कड दिली तर बरंच निभावतं. आमच्या प्रकाशयोजनाकाराला हे सांगितल्यावर तो काय म्हणाला ते इथे छापता येणार नाही.

स्टुडिओकडून चार गोष्टी लेखी घ्या. दाबणी दोन फेऱ्यांत होईल, म्हणजे पहिल्या फेरीत अवघड जागा हेरून दुसरीत तिथे जास्त बिट देता येतील. नॉइज रिडक्शन विचारल्याशिवाय लावलं जाणार नाही. जोडचित्रण वेगळ्या डिस्कवर जाईल, किंवा ५० जीबीची डिस्क वापरली जाईल. आणि पहिली प्रत ज्या आकाराच्या पडद्यावर लोक पाहणार आहेत तेवढ्याच पडद्यावर पाहून मगच पुढच्या प्रती निघतील. यात थोडे पैसे जास्त जातात, फार नाही.

'आता ४के आहे, एचईव्हीसी आहे, हा सगळा जुना घोळ,' असं कोणी म्हणालं तर त्याला २०२४ मधली 'ट्रू लाईज'ची ४के डिस्क दाखवा. नवा कोडेक, १० बिटांचा रंग, आणि चेहरे पुन्हा घासूनपुसून तुकतुकीत.

आमच्याकडे कॅमेऱ्यातल्या मूळ फाईल जपून ठेवलेल्या होत्या, म्हणून नाटक पुन्हा दाबता आलं. दाबलेल्या डिस्कवरून गेलेल्या सुरकुत्या परत काढता येत नाहीत. त्यामुळे काम संपलं की स्टुडिओला मूळ फुटेज पुसू देऊ नका. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या, आणि त्यातली एक संस्थेच्या कार्यालयात न ठेवता कोणाच्या तरी घरी ठेवा.