हृदयाची फाईल माहेरी ठेवून येऊ नका

माझ्या हृदयाच्या झडपेचं दुखणं सासरी सांगायचं नाही, असं माहेरी ठरलं होतं. त्यात कपट नव्हतं, भीती होती. गोंदियाला शाळेत असताना घसा धरला आणि त्यामागून ताप आला. आज गुडघा सुजलेला, तर दोन दिवसांनी घोटा. डॉक्टरांनी संधिवाताचा ताप सांगितला, त्यानं हृदयाच्या झडपेला इजा झाली होती, आणि दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन सुरू झालं. पुढे कॉलेजात जाईपर्यंत मी चांगली धडधाकट दिसायला लागले. इंजेक्शनला जाताना कोणी पाहिलं तर स्थळं येणार नाहीत, या धास्तीनं ते बंद झालं. इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट असलेली फाईल आईच्या कपाटात राहिली आणि मी लग्न होऊन रायपूरच्या पुरानी बस्तीत आले.

महामाया मंदिरापासून जवळच आमचं जुनं घर आहे. पाचवा महिना लागला, तशी मी वरच्या खोलीचा जिना चढताना मध्येच थांबायला लागले. ‘पोटुशी बाई, धाप लागायचीच,’ असं येणारीजाणारी प्रत्येक जण म्हणायची. थोडी धाप लागते, हे खरंच आहे. पण मला आडवं झालं की श्वास पुरायचा नाही. उशीवर उशी रचून मी बसल्या बसल्या झोपायचे. मध्यरात्री खोकल्याची उबळ यायची, ती खिडकीशी उभं राहिल्यावरच थांबायची.

हे ओळखलं आमच्या मितानिननं. छत्तीसगडात २००२ पासून मितानिन, म्हणजे वस्तीतल्या आरोग्य कार्यकर्त्या, घरोघरी फिरताहेत. देशभरातल्या आशाताई त्यांच्यानंतरच्या. आमची मितानिन लोहाच्या गोळ्यांची चौकशी करायला आली होती. पलंगावरची उशांची चळत पाहून तिनं विचारलं, सपाट झोपता येतं का? मी नाही म्हटल्यावर ती गोळ्यांचं विसरली आणि नऊ तारखेला मला तपासणीला घेऊन गेली. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयात डॉक्टर गरोदर बायकांना फुकट तपासतात.

डॉक्टरबाईंनी मला डाव्या कुशीवर वळवून बराच वेळ छाती ऐकली. मग विचारलं, “लहानपणी सांधे सुजले होते का?” सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. मी हो म्हटलं. इकोत निघालं, की डाव्या बाजूची मायट्रल झडप एक चौरस सेंटिमीटरहूनही कमी उघडत होती. निरोगी झडप चार ते सहा चौरस सेंटिमीटर उघडते.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, “अगं, लपवायचं काय त्यात? आधी कळलं असतं तर आधी तुझं औषधपाणी केलं असतं, नातवंडाचं मग बघितलं असतं.” ज्या भीतीपायी माहेरच्यांनी तोंड बंद ठेवलं, ती या घरात नव्हतीच.

आता जे मला डॉक्टरांकडून कळलं, ते सांगते. गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं आणि नाडीही वेगानं चालते. आकसलेल्या झडपेतून एवढं रक्त पुढे सरकत नाही, ते मागे फुप्फुसात तुंबतं. म्हणून एरवी काहीच त्रास नसलेली बाई पाचव्या-सहाव्या महिन्यात एकाएकी ढासळते. बाळंतपणानंतरही धोका टळत नाही. गर्भाशय आकुंचन पावताच तिथलं रक्त हृदयाकडे लोटतं, त्यामुळे पहिले दोन दिवस फार जपावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीवर आधारलेले चार धोक्याचे गट डॉक्टर मानतात. झडप फारच आकसलेली असेल तर ती बाई चौथ्या गटात येते, म्हणजे उपचाराआधी दिवस राहू देऊ नयेत, असा सल्ला असतो.

मला आधी नाडी मंद करणारी आणि लघवीवाटे पाणी काढणारी औषधं दिली. तेवढ्यानं भागेना, म्हणून सहाव्या महिन्यात मांडीच्या शिरेतून नळी नेऊन फुग्यानं झडप मोकळी केली. जपानचे डॉक्टर कानजी इनोउए यांनी १९८०च्या दशकात ही रीत आणली. क्ष-किरणांपासून बाळाला जपायला पोटाला शिशाचं आवरण गुंडाळलं होतं. त्या रात्री मी एका उशीवर झोपले. बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच झालं. हृदयाचे, बाळंतपणाचे आणि भुलीचे डॉक्टर आधी एकत्र बसून ठरवून आले होते. कळांनी हृदयावर ताण येऊ नये म्हणून पाठीत भूल दिली, आणि मला फार जोर करू न देता चिमटा लावून बाळ काढलं.

माझं निभावलं, पण सगळ्यांचं निभावतंच असं नाही. तामिळनाडूत २०१६ ते २०१९ या काळात हृदयविकार असलेल्या बायकांच्या १०२९ गर्भारपणांचा अभ्यास झाला. त्यात दहातल्या सहा जणींचा आजार गरोदरपणातच पहिल्यांदा कळला होता. म्हणून लहानपणी सांधे सुजून ताप आला असेल, कोणी ‘हृदयात आवाज आहे’ म्हटलं असेल, तर लग्न ठरण्याआधी, निदान दिवस राहण्याआधी टू-डी इको करा. पेनिसिलीन मध्येच सोडू नका. झडपेला इजा झाली असेल तर ते चाळिशीपर्यंत, कधी त्याच्याही पुढे लागतं, आणि गरोदरपणातही चालतं.

ज्यांना धातूची कृत्रिम झडप बसवली आहे, त्यांचा मामला अधिक नाजूक. झडपेवर गुठळी धरू नये म्हणून त्या रक्त पातळ करणारी गोळी घेतात, आणि गरोदरपणात गुठळीचा धोका आणखी वाढतो. वॉरफॅरिनसारखी गोळी सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाला अपाय करू शकते. हेपरिनचं इंजेक्शन बाळापर्यंत पोचत नाही, पण झडपेची राखण तितकी भरवशाची करत नाही. कोणतं, कधी, किती, हे डॉक्टरच रक्त तपासून ठरवतात. पाळी चुकली की त्याच आठवड्यात त्यांना गाठा. बाळाच्या काळजीनं स्वतःच्या मनानं गोळी बंद केली, तर झडपच अडकून जीव जाऊ शकतो.

सपाट झोपता न येणं, रात्री गुदमरून जाग येणं, खोकल्यात गुलाबी फेस दिसणं, छातीत अनियमित धडधड, एक हात लुळा पडणं किंवा बोबडी वळणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. १०८ला फोन करा. छत्तीसगडात गरोदर बाईसाठी १०२ची महतारी एक्सप्रेसही येते. मूल नको असेल किंवा पुढे ढकलायचं असेल, तर इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी दुकानातून आणून घेऊ नका. त्यानं गुठळीचा धोका वाढतो. तुम्हाला काय चालेल, ते डॉक्टरांना विचारा.

तात्यापाऱ्यात किंवा चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात हळदीकुंकवाला बायका भेटतात तेव्हा मी हे आपणहून काढते. मुलीच्या आयांना सांगते, की पत्रिका दाखवता त्याच बैठकीत इकोचा कागदही दाखवा. तो पाहून जे स्थळ माघारी जाईल, ते जाऊ द्या. जे थांबेल, त्या घरात तुमच्या लेकीला धाप लागल्यावर दवाखान्यात नेणारं माणूस असेल. आणि सासवांना सांगते, की सुनेला आल्या दिवशीच विचारा: लहानपणी कधी सांधे सुजले होते का? या एका प्रश्नाला पैसा लागत नाही, आणि तो वेळेवर विचारला तर आई आणि बाळ, दोन्ही जीव वाचतात.