सशांच्या बिळांवर बटवा-जाळे लावताना

बटवा-जाळे म्हणजे साधारण मीटरभर लांबीचे, सैल विणीचे जाळे. त्याच्या दोन टोकांना कड्या असतात, कडेच्या घरांतून नाडी ओवलेली असते आणि नाडीचे टोक मेखेला बांधलेले असते. जाळे बिळाच्या तोंडावर पसरून मेख जमिनीत रोवतात. मग आत फेरेट सोडतात; हा मुंगसासारखा लांबोडा, पाळीव प्राणी असतो. त्याच्या भीतीने ससा सुसाट बाहेर येतो, जाळ्यात शिरतो आणि त्याच्याच धक्क्याने नाडी आवळली जाते.

इंग्लंडमधल्या शेतांवर ही रीत जुनी आहे. तिथला ससा जमीन पोखरून वसाहतीने राहतो आणि बांधालगतचे गव्हाचे कोवळे कोंब मुळापर्यंत कुरतडतो. आपल्या माळावरचा ससा बीळ करत नाही, गवताच्या आडोशाला उघड्यावर बसतो. त्यामुळे हे जाळे इथे कामाचे नाही. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला जाळ्यात धरणे ही शिकार ठरते आणि तो गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये 1880 च्या कायद्यापासून जमीन कसणाऱ्याला आपल्या शेतातले ससे धरण्याचा हक्क आहे. दुसऱ्याच्या शेतात जायचे तर परवानगी लेखी घेतलेली बरी.

हंगाम थंडीचा. ऑक्टोबरनंतर झाडोरा सुकतो आणि बिळांची तोंडे उघडी पडतात. वसंतापासून बिळांत पिले असतात, तेव्हा जाळी गुंडाळून ठेवणेच योग्य. आंधळ्या पिलांना बाहेर पळता येत नाही आणि फेरेट तिथेच अडकून राहते.

नवख्याची पहिली सकाळ बहुधा एकाच चुकीने वाया जाते. बांधाच्या अलीकडची दहा-बारा बिळे तो नीट झाकतो, फेरेट सोडतो आणि वाट पाहत बसतो. ससे पलीकडच्या बाजूने केव्हाच निघून गेलेले असतात. ज्या बिळापुढे उकरलेल्या मातीचा ढीग आहे, ते कोणालाही दिसते. फसवते ते आतून बाहेर खणलेले, पळून जाण्यासाठी राखलेले बीळ. त्याची माती आतच गेलेली असते, म्हणून तोंडाशी ढीग नसतो. गवतात मुठीएवढे काळे भोक तेवढे दिसते. ते शोधायला बांधाच्या दोन्ही बाजूंनी गवत हाताने बाजूला सारत चालावे लागते. हे काम आदल्या दिवशी उरकावे. जाळी लावायच्या वेळी जितकी पावले कमी, तितके चांगले, कारण पावलांची धमक खाली पोचते. सावध झालेला ससा मागचा पाय जमिनीवर आपटून इतरांना इशारा देतो, आणि मग कोणीच लवकर बाहेर येत नाही.

पाहणी करताना आणखी एक गोष्ट तपासायची असते. तोंड फार रुंद असेल, समोर मातीचा मोठा ढिगारा आणि त्यात सुक्या गवताचे पुंजके असतील, तर ते बॅजर या प्राण्याचे घर असू शकते. तिथल्या 1992 च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे. नुसती शंका आली तरी तिथून निघून यावे.

जाळे लावताना खालची कडी बिळाच्या ओठात सारतात, वरची मेखेच्या बाजूला ठेवतात आणि जाळे जमिनीला टेकवून पसरतात. काडी-काटकी अडकली तर नाडी सरकत नाही. मेख ढिली राहिली तर ससा ती जाळ्यासकट घेऊन पळतो. माणसाने बिळाच्या तोंडासमोर नव्हे, मागे किंवा बाजूला उभे राहावे.

ससा जाळ्यात आला की तो गुंडाळून गोळा होतो, मागच्या पायांनी हिसडे देतो, आणि त्याच्या बरगड्यांची धडधड हाताला जाळ्यावरून लागते. त्याला तसाच ठेवून दुसऱ्या बिळाकडे धावणे ही सर्वांत वाईट सवय. इंग्लंडच्या 2006 च्या प्राणी-कल्याण कायद्यानुसार माणसाच्या ताब्यात आलेला प्राणी संरक्षित ठरतो, आणि जाळ्यातला ससा अशा ताब्यातच असतो. पण कायदा नसता तरी तो जीव तडफडत ठेवणे चूकच असते. तो तत्काळ, एका झटक्यात संपवता येत नसेल, तर जाणत्या माणसाला सोबत घेतल्याशिवाय जाळे लावूच नये. रिकाम्या झालेल्या बिळावर लगेच दुसरे जाळे टाकावे. त्याच वाटेने पुढचा ससा येतो.

फेरेटने आतच ससा मारला, तर ते तिथेच खाऊन झोपते. पूर्वी दोरी बांधलेले नर फेरेट आत सोडून जागा हुडकत आणि खणत. आता गळ्यात संदेश देणारा पट्टा असतो, त्यावरून जागा आणि खोली कळते. फेरेट आत सोडण्यापूर्वी पट्ट्याची बॅटरी तपासायची, कारण नंतर उपाय उरत नाही. फावडे नेले नसेल, तर अंधार पडेपर्यंत बिळाशी बसावे लागते. फेरेटला सोडून घरी जायचे नसते.

निघताना जाळी मोजतात. म्हणूनच ती दहा-दहाच्या जुड्यांनी नेतात आणि नायलॉनची भडक रंगाची निवडतात. गवतात विसरलेले नायलॉनचे जाळे कुजत नाही. त्यात महिन्यांनंतरही एखादा प्राणी किंवा पक्षी अडकून मरू शकतो. तागाची जाळी ओली गुंडाळली तर कुजतात, ती दोरीवर वाळवून ठेवतात. एक जाळे कमी भरले, तर परत बांधावर जाऊन ते शोधायचे, मग कितीही उशीर होवो.