यांगोनमध्ये भाताच्या दुकानात जेवताना

म्यानमारचं रोजचं जेवण चाखायचं असेल, तर मोठ्या हॉटेलातला बुफे सोडा आणि दुपारी एखाद्या साध्या ‘थमिन-साइन’मध्ये, म्हणजे भाताच्या दुकानात शिरा. मुंबईत पार्ट्यांमध्ये मिळणारं खाउस्वे इथे शोधू नका. नूडल्स तिकडे नाश्त्याला किंवा मधल्या वेळी खातात आणि त्यांची दुकानंही बहुधा वेगळी असतात. इथे राजा भात.

पहिलं काम वेळ साधण्याचं. साडेअकरा-बारापर्यंत पोहोचा. कालवणं सकाळीच शिजवून पातेल्यांत मांडून ठेवतात, मग दिवसभर तीच वाढतात. दुपार उलटल्यावर गेलात तर चांगलं चांगलं संपलेलं असतं आणि उरलेलं गार झालेलं असतं.

आत गेल्यावर थेट टेबल धरू नका, आधी पातेल्यांपाशी जा. मेन्यूकार्ड असलंच तर बहुधा बर्मी लिपीत, तेव्हा बोट दाखवून मागवायचं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. डुकराचं मांस म्हणजे ‘वेथा’, कोंबडी ‘च्येथा’. जे खात नाही त्याचं नाव घेऊन मान हलवली की काम भागतं. गोमांस तिकडचे बरेच बौद्धही खात नाहीत, शेतात राबणाऱ्या बैलाविषयीच्या कृतज्ञतेपोटी.

प्रत्येक पातेल्यावर लालसर तेलाचा जाड तवंग दिसेल. तो पाहून मागे फिरू नका. कांदा, लसूण, आलं वाटून हळद-मिरचीसकट भरपूर तेलात परतायचं, त्यात मांस किंवा मासा टाकायचा आणि पाणी आटून तेल सुटेपर्यंत शिजवायचं, अशी ही रीत आहे. धणे-गरम मसाल्याचा मारा नसतो. तवंगामुळे कालवणाला हवा लागत नाही, म्हणून ते फ्रिजबाहेरही काही तास टिकतं. तेल खायची सक्ती नाही: वाटी समोर आली की चमच्याने तवंग कडेला सारा आणि खालचा मसाला घ्या.

माणशी एकच कालवण सांगा. तिघं असाल तर तीन वेगवेगळी मागवून मधे ठेवा. एका माणसाने तीन मागवली तर टेबलावर ठेवायला जागा उरणार नाही, कारण न मागवलेलं बरंच काही येणार असतं.

सगळ्यात आधी थर्मासमधला बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा, तो फुकट. पहिल्या घोटाएवढा चहा ओतून कप विसळून घ्या. आजूबाजूचे लोकही तेच करताना दिसतील. मग भात, पातळ आंबट सूप आणि एका ताटात कच्च्या-उकडलेल्या भाज्यांचा ढीग: काकडी, छोटी हिरवी वांगी, चौधारीच्या शेंगा, उकडलेली भेंडी, कुठला कुठला पाला. सूप पुष्कळदा अंबाडीचं असतं. हीच अंबाडी कोळंबी आणि हिरव्या मिरच्या घालून परतलेलीही मिळते. ती दिसली तर सोडू नका. माझ्या मते अख्ख्या जेवणातली सर्वांत चांगली वस्तू तीच.

भाज्यांच्या मधोमध एक करड्या रंगाची वाटी असते. ती ‘ङपी’, आंबवलेल्या मासळीची चटणी. वास उग्र, सुकट-बोंबलाच्या घरात वाढलेल्यालाही क्षणभर थबकायला लावणारा. वाटी नाकाला लावू नका. काकडीचा तुकडा घेऊन त्याचं टोक जेमतेम बुडवा, दाताखाली फोडा आणि लगेच भाताचा घास घ्या. खारटपणा, मिरची आणि काकडीचं पाणी एकत्र आलं की तिचं तिथे काय काम आहे ते कळतं. नाहीच जमलं तर वाटी बाजूला सरकवा, कुणी रागावत नाही.

आता खरी गोम. आपल्याला भातावर रस्सा ओतून कालवायची सवय. इथे तसं केलंत तर चार घासांत तेल-मीठ अंगावर येईल आणि ‘बर्मी जेवण जड’ असा शेरा मारून तुम्ही उठाल. चमचाभर कालवण भाताच्या एका कडेला घ्या, तेवढ्या भागापुरतंच मिसळा. एक घास त्याचा, मग भाजी, मग सुपाचा घोट, पुन्हा कोरा भात. हाताने खायला हरकत नाही, नाहीतर चमचा उजव्या हातात आणि काटा डाव्या. भात, सूप, भाज्या बहुतेक ठिकाणी पुन्हा वाढतात. सोबत बर्मी कुटुंब असेल तर पहिला घास वडीलधाऱ्यांच्या ताटात वाढेपर्यंत थांबा.

शाकाहाऱ्यांनी बसण्याआधीच ‘थेत-थात-लूत’ म्हणावं, म्हणजे शुद्ध शाकाहारी. तरीही ङपी आणि सुक्या कोळंबीची पूड कशातही असू शकते, सुपातसुद्धा, म्हणून दोनदा विचारा. त्यापेक्षा शान लोकांचं दुकान गाठलेलं बरं. त्यांचा टोफू सोयाबीनचा नसतो, चण्याच्या पिठाचा असतो. घट्ट पिठलं थापून वड्या पाडाव्यात तसा. त्याची कोशिंबीर मागवा, मात्र तिथेही मासळीचा सॉस नको हे सांगाच.

जेवणानंतर ताडगुळाचे खडे येतात. लाफे, म्हणजे आंबवलेली चहाची पानं, हवी असतील तर वेगळी सांगा. तळलेले वाटाणे, डाळी, शेंगदाणे, तीळ, तळलेला लसूण त्यात असतो. ती दुपारीच खा. चहाची पानंच ती, रात्री खाल्लीत तर झोपेचं खोबरं.

‘शिन मे’ म्हटलं की हिशेब होतो. पैसे कालवणांचे आणि भाताचे. सूप-भाज्यांचे सहसा वेगळे लावत नाहीत. टीप ठेवायची पद्धत या दुकानांत नाही. नोटा उजव्या हाताने द्या आणि देताना डाव्या हाताने उजव्या कोपराला आधार द्या, तिकडे आदराने देण्याची तीच रीत.