हिशेबाचा तक्ता आणि दफ्तराची शिस्त

संगणकावर हिशेब ठेवण्याचे दोन मार्ग आहेत. एक, एक्सेलसारखा रकान्यांचा तक्ता. दुसरा, एकाच कामाकरितां बांधलेली प्रणाली. कोणता कोठें योजावा, हें आमच्या मावळांतील खातेदारांस सात-बाराच्या उदाहरणावरून सहज उमगेल.

तक्ता म्हणजे कोरा ताव होय. घरच्या हिशेबास तो उत्तम. इंद्रायणी भाताचें बियाणें, खत, लावणीची मजुरी व विक्रीचें उत्पन्न त्यांत मांडावें. बेरीज आपोआप होते. १९७९ सालीं व्हिजीकॅल्क निघाल्यापासून अशा तक्त्यांनीं कारकुनांचे पुष्कळ श्रम वाचविले आहेत. परंतु साध्या तक्त्यांत कोणीही आंकडा पुसून दुसरा घालूं शकतो, व खाडाखोडीचा डागही राहत नाहीं. २०२० सालीं इंग्लंडांत कोरोनाच्या सुमारें १६,००० रुग्णांच्या नोंदी, एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाइलींतील ओळी संपल्यामुळें, कांहीं दिवस गणतींतून गळल्या होत्या.

प्रणालीचें तसें नाहीं. महसूल खात्याची ई-फेरफार प्रणाली पाहा. खरेदीखत झालें म्हणून सात-बारावरील नांव परस्पर बदलतां येत नाहीं. आधीं गांव नमुना ६ मध्यें फेरफाराची नोंद, मग हितसंबंधितांस नोटीस, हरकत आल्यास सुनावणी, त्यानंतर मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी, आणि मगच गांव नमुना ७ वर अंमल. लोणावळ्याच्या बाजूस जमिनीचे भाव चढले असतां या पायऱ्यांचें मोल निराळें सांगावयास नको.

सोसायटीचें दफ्तरही याच जातीचें आहे. समजा, सभासदानें पीककर्जाचे ४०,००० रुपये भरले. सचिवानें ते रोजकीर्दीच्या तक्त्यांत लिहिले, पण कर्जखात्याच्या तक्त्यांत लिहावयाचे राहिले; तर पैसे भरूनही तो थकबाकीदार ठरेल व बेबाकीच्या दाखल्यास मुकेल. प्रणालींत एकच पावती रोजकीर्द, खातें व थकबाकीची यादी या तिहींत एकदम उतरते. याच हेतूनें केंद्र सरकारनें जून २०२२ मध्यें सुमारें ६३,००० प्राथमिक सोसायट्यांस समान प्रणाली देण्याची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली.

मात्र प्रणाली क्रम राखते, खरेंखोटें जाणत नाहीं. हस्तलिखित सात-बारा संगणकावर चढवितांना जीं नांवें व क्षेत्रें चुकलीं, तीं तशींच जपलीं गेलीं. असे लेखनदोष काढण्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम १५५ खालीं वडगांवच्या तहसील कचेरींत अर्ज करावा लागतो.

सबब वाचकांनीं इतकें ध्यानांत ठेवावें. घरचा हिशेब तक्त्यांत खुशाल ठेवावा. पण ज्या आंकड्यावर दुसऱ्याचा हक्क वा देणें अवलंबून आहे, तो प्रणालींतच असावा, असा आग्रह सोसायटीच्या वार्षिक सभेंत धरावा. पैसे भरल्यावर पावतीबरोबर खात्याचा उतारा मागून घ्यावा. सात-बारा व आठ-अ वर्षांतून एकदां तरी स्वतः वाचावेत. दफ्तर कोणतेंही असो, खातेदाराच्या डोळ्यांखालून गेल्यावांचून तें पुरें होत नाहीं.